संस्कृतच्या गुरुजींच्या गालाबाबत

मी, खाली सही करणार, वय छप्पन्न, धंदा चित्रे रंगवणे व पुतळे घडवणे, हे मृत्युपत्र स्वसंतोषाने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. अक्कलहुशारीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. शाळेने कधी दिला नव्हता. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी परत येणार याची मला खात्री आहे, परंतु ओली माती कोणासाठी थांबत नाही, म्हणून ही लगबग.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व न विकली गेलेली सर्व चित्रे पत्नीस. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. "तुमच्या माघारी भाव वाढेल म्हणतात," असे ती सकाळी चहा देताना म्हणाली. तिच्या भवितव्याची मला काळजी नाही.

२. धाकट्या भावास त्याचे मी तरुणपणी रंगवलेले तैलचित्र. "दादा, पण पोटापाण्याचं काय करतोस?" असे तो अजून विचारतो. चित्रात त्याला भरपूर केस आहेत. ते त्याने दिवाणखान्यात लावावे, हीच शिक्षा.

३. छिन्न्या, हातोडे व कोरण्या माझे पुतळे ब्रॉन्झमध्ये ओतणाऱ्या ओताऱ्यास. निम्म्या त्याने उसन्या नेलेल्याच आहेत; आता ते कायदेशीर झाले.

४. आता मुख्य बाब. आमच्या शाळेच्या दारात बसवायचा संस्कृतच्या गुरुजींचा अर्धपुतळा कार्यशाळेत ओल्या फडक्याखाली आहे. मी वहीच्या समासात काढलेले गुरुजींचे चित्र त्यांनीच पकडले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "नाक चुकलंय. परत काढ." माझे शिक्षण तिथे सुरू झाले.

माजी विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे आमच्या वर्गाचा मॉनिटर, याला मात्र चेहरा हसरा हवा.

"अरे, देणगीदार येणार. जरा प्रसन्न कर ना!"

"तू त्यांना कधी हसताना पाहिलंस?"

"नाही रे. पण आता हसले तर काय बिघडतं?"

माती मऊ आहे. मी नसताना त्याला एक अंगठा पुरे.

परवा मॉनिटर गुरुजींच्या पत्नींना, आमच्या काकूंना, घेऊन आला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "असेच बघायचे," म्हणाल्या, "आणि मी म्हणायची, अहो, मी तुमची विद्यार्थिनी नव्हे." मग त्यांनी पुतळ्याच्या गालावर हात ठेवला. बोटे उमटली. "बिघडवलं का रे मी?" काकू ओशाळल्या. मॉनिटर लगेच फडके घेऊन पुढे सरसावला. मी त्याचे मनगट धरले.

सबब, माझ्यानंतर या चेहऱ्याला कोणीही हात लावू नये. गुरुवारी मी उठलो नाही, तर ओताऱ्याने शुक्रवारीच साचा घ्यावा. तोवर पत्नीने फडके ओले ठेवावे. काकूंची बोटे आहेत तशी ब्रॉन्झमध्ये उतरावीत. मंडळाला हे मान्य नसल्यास पुतळा काकूंच्या घरी पोचवावा, आणि शाळेच्या चौथऱ्यावर मॉनिटरने स्वतः हसत उभे राहावे.

ठिकाण : माझी कार्यशाळा
दिनांक : ११ नोव्हेंबर २०१९
सही : (स्वहस्ते, चित्रांवर करतो तीच)

आम्हा दोघांदेखत सही झाली. साक्षीदार :
१. घरचे डॉक्टर (नाडी पाहून)
२. शेजारचे फ्रेमवाले (मजकूर न वाचता)