जमुनाचा हात

शुक्रवार, २३ जानेवारी
शेंदूरजनाघाट

पोचले एकदाची! अमरावतीपासून इथपर्यंत मांडीवर खेळांची खोकी आणि पायाशी वांग्यांची पिशवी, तरी प्रवासभर आम्ही सगळे हसत होतो. बदलीवर अमरावतीला येऊन मला दीड महिना झाला. बँक, भाड्याची खोली, परत बँक. आमच्याच शाखेतल्या कहकशाँभाभींना माझी दया आली असावी. त्यांनी मला आपल्या सोंगटी क्लबात ओढलं आणि आता क्लबाच्या वर्धापनदिनासाठी तीन दिवस इथे आणलंय.

जागा म्हणजे क्लबातल्याच जानरावभाऊंचं संत्र्यांचं पॅकिंग शेड. आंबिया बहराची संत्री कधीच गेली, मृगाची तोडणी अजून व्हायची आहे, म्हणून सध्या मोकळं आहे. एरवी ज्या लांब टेबलांवर संत्री निवडतात तिथे आता पट मांडलेत. सालींचा वास मात्र भिंतींतून जात नाही. पट बनवतात रऊफभाई, म्हणजे भाभींचे यजमान. त्यांचं लाकूडकामाचं दुकान आहे. 'मंडी' हा खेळ त्यांनीच रचलाय: बागेतून माल भरायचा, मंडीत विकायचा आणि ज्याचा ट्रॅक्टर आधी घरी परतेल तो जिंकला. ट्रॅक्टर लाकडी, बोटाएवढे. आज पहिल्याच डावात मी रऊफभाईंना हरवलं. मला हरायला आवडत नाही हे आता सगळ्यांना कळून चुकलंय.

सोमवारी दुपारी माझा नवरा विपुल आमच्या चिऊला घेऊन रेल्वेने बडनेऱ्याला उतरेल. चिऊ आता माझ्याजवळच राहणार. शाळा बघितलीय, तिच्यासाठी पिवळी बाटलीसुद्धा आणून ठेवलीय. चार वर्षांच्या पोरीला इतके दिवस नुसतं फोनवर बघायचं ही शिक्षाच होती. सोमवारी सकाळी इथून निघायचं, मग डाव अर्ध्यावर का असेना.

शनिवार, २४ जानेवारी, दुपार

नाश्त्याला भाभींच्या हातचा गिला वडा, दह्यात मुरलेला. दोनदा घेतला, तिसऱ्यांदा लाज वाटली.

या क्लबाची एक रीत मला फार आवडली. डावातून कुणी उठलं तर खेळ थांबत नाही. उठणारा म्हणतो, 'माझा हात धर.' शेजारी त्याच्या वतीने फासे टाकतो. तो परतला की शेजारी 'घे तुझा हात' म्हणतो आणि बाजूला होतो. मध्येच सोडायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. आज भाभी चहा करायला उठल्या तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांना जिंकवलं, तर त्या म्हणाल्या, 'आता मी रोजच चहा करायला जाते.'

खिडकीजवळच्या टेबलावर एक जुना 'मंडी' मांडून ठेवलाय आणि तिथली एक खुर्ची रिकामी आहे. मी बसायला गेले तर रऊफभाईंनी चटकन अडवलं. मग भाभींनी सांगितलं. ती जागा जमुनाची, जानरावभाऊंच्या धाकट्या बहिणीची. क्लबाच्या पहिल्या वर्धापनदिनाला ती या पटावर खेळत होती. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. तिची चार वर्षांची मुलगी अकोल्याहून बापाबरोबर त्या बसने येणार होती. 'कोनी माहा हात धरजा, आत्ता आली मी,' म्हणत ती उठली. जो तो आपल्या डावात होता. कुणीच 'धरला' म्हटलं नाही. रस्ता ओलांडताना ती ट्रकखाली आली. मुलगी बसच्या दारात उभी होती.

ती मुलगी बापाकडे अकोल्यातच वाढली, आता कॉलेजात जाते. इकडे कधी येत नाही. तेव्हापासून दर वर्षी तो डाव होता तसाच मांडतात. दिवस मावळताना सगळे भोवती उभे राहून 'जमुनाचा डाव' म्हणतात, थोडं थांबतात आणि पट आवरतात. फाशांना कुणी बोट लावत नाही. मी बाहेर जाऊन चिऊला फोन केला.

शनिवार, संध्याकाळ

मी आगाऊपणा केला का, कळत नाही.

सगळे जमले. 'जमुनाचा डाव' म्हणून झालं. जानरावभाऊ एवढा दांडगा माणूस, पण खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून लहान मुलासारखे रडत होते. मला बघवेना. शिवाय खेळणाऱ्याची नजर, पट आपोआप वाचला जातो. जमुनाच्या ट्रॅक्टरला घरी जायला फार घरं राहिलीच नव्हती. एवढ्यासाठी बिचारीला इतकी वर्षं वाटेत उभं केलं, असं वाटलं. मी म्हटलं, 'धरला,' आणि फासे टाकले. चांगलं दान पडलं. मी ट्रॅक्टर पुढे सरकवला.

रऊफभाई भिंतीला टेकले. जानरावभाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इतके वर्सं झाले बाई, तिचा हात कोनीच धरला नाई."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

रविवार, २५ जानेवारी, सकाळ

चहाचा कप डाव्या हाताने उचलला. नंतर केसही डाव्या हाताने विंचरले, अगदी सफाईने. मला डाव्या हाताने धड बटणसुद्धा लागत नाही. थंडीने उजवा आखडला असेल म्हणून मी हसण्यावारी नेलं.

पण मग 'मंडी' खेळताना डाव्या हाताने माझ्या आधीच फासे उचलले. मी ते उचलले नव्हते. टाकायचं मनातही नव्हतं. आणि टाकले कुठे, तर माझ्या पटावर नाही, वाकून खिडकीजवळच्या पटावर. कालपासून तो कुणी आवरला नव्हता, कारण हात धरलेला असताना पट मोडत नाहीत. माझ्या बोटांनी जमुनाचा ट्रॅक्टर उचलला आणि घरात नेऊन ठेवला.

भाभींनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर ओढणी घेतली. जमुना डावखुरी होती म्हणे.

रविवार, दुपार

जेवणात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. डाव्या हाताने मला भरवलं. मी तोंड बंद करू बघत होते आणि तो घास पुढे करत होता. सगळ्यांच्या देखत. मला रडू आलं.

मी घरी जाते म्हटलं. रऊफभाई गाडीची किल्ली घेऊन उठलेही. पण भाभी म्हणाल्या की असं धरलेलं सोडून जाऊ नये, नियमाने परत करावं. मला खुर्चीसमोर उभं केलं. त्यांचा इरादा नेक होता. मी खुर्चीकडे बघून म्हटलं, "घे तुझा हात."

आणि तिने घेतला. जो हात तिच्यासाठी खेळला, तो. माझा.

खांद्यापासून सगळं निघून गेल्यासारखं झालं. मग पाय. मी पडले नाही. पाय उभे होते, पण त्यांवर मी नव्हते. पाय चालत गेले आणि त्या खुर्चीत बसले. भाभी माझी माफी मागत होत्या. मला 'चला, पळा' म्हणायचं होतं. माझ्या तोंडून आलं, "दादा, लोक काहून थांबले? खेळा ना."

जानरावभाऊ धावत आले आणि माझ्या पायाशी बसले.

उजवा हात अजून माझा आहे. तेवढाच आहे. वही पर्समध्ये होती. जमुना खिडकीतून रस्त्याकडे बघत बसते तेव्हा मी लिहिते. ती वहीकडे बघत नाही. तिला वहीत रस नाही.

रविवार, संध्याकाळ

विपुलचा फोन आला. गाडीत बसले ते दोघं. उजव्या हाताने मी फोन फेकायला गेले, डाव्याने तो झेलला.

ती बोलली. छान बोलली. किती वाजता येते गाडी, डबा कोणता, पोरीने जेवण केलं का. विपुल हसला. म्हणाला, दीड महिन्यात पक्की वऱ्हाडी झालीस की गं. आवाज माझाच होता. त्याला कसं कळणार?

मग चिऊ बोलली. ती म्हणाली, 'आई, मी येतेय.' आणि माझ्या तोंडाने तिला म्हटलं, "ये माय, मी उभीच हावो."

भाभींनी जानरावभाऊंना हात जोडले. म्हणाल्या की हिला अमरावतीला दवाखान्यात नेऊ, तिथे ठेवू, निदान उद्या स्टेशनवर जाऊ देऊ नका. रऊफभाईंनी किल्ली पुढे केली. जानरावभाऊंनी ती काढून घेतली. मग माझ्यासमोर आले. माझ्याशीच बोलले, तिच्याशी नाही. त्यांना माहीत आहे की मी आत आहे.

"आरतीबाई, मले माफ करा. पन तिले पुन्हा रस्त्यावर एकटी नाई सोडत मी. मी संग जाईन."

शेडमागच्या खोलीत त्यांनी एक छोटी खाट घातलीय. चिऊच्या मापाची.

सोमवार, २६ जानेवारी

शाळेतलं झेंडावंदन ऐकू येतंय. निघालो. जानरावभाऊ चालवतायत. भाभी गेटात रडत उभ्या —

वरूड मागे पडलं. ती काचेला नाक लावून प्रत्येक एसटी बघते. पोरं उतरताना दिसली की माझा श्वास थांबवते.

मी तिला मनातल्या मनात सांगितलं. ती तुझी नाही. तुझी अकोल्यात आहे, मोठी झाली, कॉलेजात जाते. तिने ऐकलं. मला माहीत आहे ऐकलं, कारण डोळे भरून आले आणि ते माझे नव्हते. मग म्हणाली, "नाई. माही चार वर्साची हाय."

बडनेरा. फलाट. पिवळी बाटली खोलीवरच राहिली.

उजवी बोटं बधिर होतायत. अक्षर —

पान फाडून विपुलच्या खिशात घालेन. एवढं जमलं पाहिजे. एका हाताने फाडता येईल —

घोषणा झाली. जानरावभाऊंनी तिचा दंड धरलाय, की माझा.

गाडी दिसते. चिऊ दारात उभी आहे. लाल स्वेटर. हात हलवतेय, आई आई करतेय. माझे पाय धावायला —

ती वहीकडे बघतेय. पहिल्यांदाच. डावा हात पेनाकडे —

विपुल ही मी नाही. चिऊला हिच्याकडे देऊ