वाघबारशीची तारीख

नाना, आज पुन्हा तुमच्यावर चिडून बसले आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, आता मीच तुमच्यापेक्षा म्हातारी झाले, तरी हा राग काही जात नाही. परवा आपल्या बोरिवलीच्या घरी एक माणूस आला आणि सगळं परत वर आलं. तुम्ही समोर असतात तर भांडले असते. नाही आहात, म्हणून लिहिते.

पन्नासच्या दशकातली ती दिवाळी आठवते का? मी मॅट्रिकला होते. डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांचा पाडा होता, आणि तुम्ही शाळा सुटली की सायकल हाणत तिकडे जायचात. तबेल्यांना गवत पुरवणाऱ्या शेठने तिथला माळ विकत घेतला होता, आणि पाड्याखालची जमीनही त्यातच आली असं त्याचं म्हणणं होतं. वारली म्हणत, आमच्या आज्या-पणज्यांनी इथे भात लावलं. शेठची माणसं येऊन बायकांना शिव्या द्यायची, पोरांना काठ्या मारायची, उभ्या भातात म्हशी सोडायची. तुम्ही अर्जांवर अर्ज लिहायचात. आई म्हणायची, "अहो, तुमच्या अर्जांवर कचेरीत कोणीतरी भजी खात असेल." तुम्ही हसायचात. मला तेव्हाही हसू येत नव्हतं.

मग शेठचा मुकादम आपल्या घरी आला. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाची कपबशी घेऊन उभी आहे, आणि तुम्ही त्याला खुर्ची पुढे करताय. किती खूश होतात तुम्ही! बोलण्याने प्रश्न सुटणार म्हणून. तुम्ही त्याला म्हणालात, "निदान वाघबारशीला तरी तुमची माणसं पाठवू नका. त्या दिवशी सगळा पाडा वर वाघोबाच्या दगडापाशी जातो. मागे कोणी राहत नाही, आणि हातात कोयता घेऊन जायची त्यांच्यात रीत नाही. त्यांचा मोठा दिवस असतो हो." मुकादम बशीत चहा ओतत म्हणाला, "काय मास्तर, आम्ही काय राक्षस आहोत? सण म्हणजे सण. फक्त तारीख नीट सांगा, म्हणजे माझी पोरं तिकडे फिरकणारच नाहीत." तुम्ही उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलंत आणि त्याला बोट ठेवून दाखवलंत.

तो गेल्यावर मी म्हणाले, "नाना, तारीख कशाला सांगितलीत?" तुम्ही इतके कधी ओरडला नव्हतात माझ्यावर. "माणसावर विश्वास ठेवायला शीक. सगळ्यांना चोर समजून जगता येत नाही." मी कपबशी विसळायला घेतली.

वाघबारशीला दुपारी डोंगराकडे धूर दिसला. तुम्ही सायकल काढलीत आणि मी मागे बसले, तुम्ही नको म्हणालात तरी. कारवीच्या कुडाच्या झोपड्या, त्यांना जळायला वेळ तो किती लागणार! खळ्यावरचं भातही पेटवलं होतं. वर चढवत नाही म्हणून एक म्हातारा तेवढा मागे राहिला होता. आपल्या घरी रानातले कंद आणून द्यायचा, तोच. त्याचा हात मोडला होता. तो रडत नव्हता. त्याने तुमच्याकडे बघून विचारलं, "मास्तर, आज आमी वर जानार ह्ये त्यांना कसा कळला?"

तुम्ही त्याचा हात आपल्या उपरण्याने बांधत राहिलात. त्याला पुढे कधी उत्तर दिलंत का, मला माहीत नाही.

चौकीवर फौजदार म्हणाला, पाड्यावर कोणी नव्हतं ना, मग पाहिलं कोणी? म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. वणवा लागला असेल. दिवाळीच्या तोंडावर, गवत अजून हिरवं असताना, वणवा! आणि तुम्ही घरी येऊन पुन्हा अर्ज लिहायला बसलात. त्याच गोल, सुबक अक्षरात. तेव्हा तुमचा टाक हिसकावून फेकून द्यावासा वाटला होता मला. वारल्यांनी मात्र त्याच जागी पुन्हा कूड उभे केले. तुम्हाला पाड्यावर यायला कोणी बंदी केली नाही. तुमच्यासाठी आधी पाट टाकायचे. ते तुम्ही कसं सोसलंत, नाना?

पाडा अजून आहे. सातबारा अजून नाही. म्हाताऱ्याची नात आता स्वतः आजी झाली आहे, आणि आता शेठच्या जागी बिल्डर आहे, एवढाच फरक. अर्ज मी लिहिते. होय, मीच, आणखी कोण लिहिणार!

परवा आलेला माणूस बिल्डरचा. पोरगाच होता तसा, नम्र, चपला बाहेर काढून आत आला. मी चहा केला. तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला मोजणी करायचीय. त्यांचा तो वाघोबाचा दिवस कधी असतो? म्हणजे तेवढा टाळू ना आम्ही." मी कप त्याच्यापुढे ठेवला.

वाघबारस अजून दोन दिवसांवर आहे. मी त्याला सांगितलं, झाली की, गेल्याच आठवड्यात. नजर न चुकवता सांगितलं. मग पाड्यावर जाऊन म्हटलं, यंदा सगळ्यांनी वर जायचं नाही, निम्म्यांनी राखायला थांबायचं. त्यांनी ऐकलं. इतक्या वर्षांची रीत माझ्या शब्दावर मोडली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा एक सांगूनच टाकते. तो पोरगा प्रामाणिक असेलही. कदाचित खरंच तो दिवस टाळणार असेल. पण ते बघायची माझी हिंमत झाली नाही, नाना.