पितृपक्षानंतरचा बर्फ

स्कोफिल्ड्स,
दसऱ्याच्या आदल्या दिवशी

आई, तुला नमस्कार.

फोनवर बोलताना दादा शेजारीच असतो, म्हणून लिहिते आहे. तो बरा आहे. डबा नेतो, ऑफिसला जातो. तुझे गुडघे कसे आहेत?

श्रियावहिनी सोडून गेल्यापासून त्याने आपणहून एकच गोष्ट ठरवली होती. सप्टेंबरमध्ये, इथला हिवाळा सरायच्या आत, स्कीज घेऊन आम्ही दोघांनी बर्फाचे डोंगर चढायचे. रोज सकाळी चहा घेताना तो फोनवर तिथले लाइव्ह कॅमेरे बघायचा. बर्फ किती उरलाय, रस्ता उघडा आहे का, सगळं मला सांगायचा.

तू म्हणालीस, पितृपक्षात निघू नका, बाबांची तिथी होऊ दे. तो लगेच "नो वरीज" म्हणाला. तिथीच्या दिवशी त्याने खीर दोनदा मागून घेतली.

त्याच पंधरवड्यात तिकडे पाऊस लागला. आता स्कीज खांद्यावर घेऊन दोन तास चिखलातून चालावं लागेल. वाटेतला ओढा बर्फावरून ओलांडतात, तो बर्फही वाहून गेलाय. तुझं काही चुकलं नाही, आई. पाऊस काय कुणाला विचारून पडतो?

मी म्हटलं, पुढच्या वर्षी लवकर जाऊ. तो म्हणाला, "तू जा."

रविवारी फोन करशील तेव्हा ट्रिपचं विचारू नकोस. भरलेली बॅग अजून दाराशीच आहे. तू त्याच्यासाठी विणलेले लोकरीचे मोजे काल त्याने बॅगेतून काढले आणि माझ्या कपाटात ठेवले.

मला ते खूप मोठे होतात.

तुझी,
मिताली