आफकेच्या मागे लागलेले स्केट्स

ती. सौ. हिंकेताईस,

धाकट्या वीबेचा नमस्कार (एका हातात कॉफीचा कप आहे, तेव्हा तूर्त एकाच हाताने). तुझा खांदा आता कसा आहे? डर्क भावोजींचं वजन आणि त्यांचं पथ्य यांपैकी सध्या कोण पुढे आहे? इकडे आम्ही दोघंही ठणठणीत. आफकेचा गुडघा हवामानवाल्यांच्या आधी पाऊस सांगतो, एवढंच. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि आफकेही बैठकीच्या खोलीत आहे, हे कारण पुरे.

ताई, एक आनंदाची बातमी. मी संगणकाला नमवलं! पण सुरुवातीपासून सांगतो. यंदा पाच डिसेंबरच्या सिंटरक्लासच्या सणाला एकमेकांना द्यायच्या भेटींसाठी तू सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या संगणकावरून पाठवल्यास, त्यात माझ्या वाट्याला आफके आली, म्हणजे तिची भेट मी आणायची. (कोणाच्या वाट्याला कोण, हे कोणी कोणाला सांगायचं नाही, हा नियम आपल्या आईपासूनचा. पण तू थोरली, तुला सांगितलेलं मोजत नाहीत.) मी तिच्यासाठी स्केट्स घ्यायचं ठरवलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती बर्फावर उतरलेली नाही, जुने स्केट्स तर तिने मला न विचारता देऊन टाकले. गेल्या हिवाळ्यात कालवा गोठला तेव्हा सगळं गाव बर्फावर होतं, आणि लग्नाआधी मला दर शर्यतीत हरवणारी आफके काठावर मटारच्या सुपाचा थर्मास धरून उभी होती. मला ते बघवलं नाही, ताई. डॉक्टर म्हणतात खुशाल घसरा, हिचाच धीर होत नाही. आधी कळलं तर ती पार्सल आल्या पावली परत पाठवेल. पण पाच डिसेंबरच्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर, सिंटरक्लासच्या पोत्यातून निघालेल्या भेटीला नाही म्हणायची आपल्या घरात कोणाची छाती झालेली नाही. म्हणून त्या दिवसापर्यंत हे गुपित राहिलंच पाहिजे.

आणि मी गाढव, ते स्केट्स शोधले कुठे, तर आमच्या दोघांच्या संगणकावर! एकदाच शोधले, पण दुसऱ्या दिवसापासून जिकडेतिकडे स्केट्स. हवामानाच्या पानावर स्केट्स, निधनवार्तांच्या शेजारी स्केट्स. आफके लाल कोबीची कृती बघायला बसली, तर कोबीच्या दोन्ही अंगांना स्केट्स. “वीबे, हे माझ्या मागे का लागलेत?” मी म्हटलं, “हिवाळा आलाय, सगळ्यांच्याच मागे लागतात.” ती म्हणाली, “सगळ्यांच्या मागे एकोणचाळीस नंबरचेच?” (तिचा पाय एकोणचाळीस नंबरचा आहे.) मी कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिलेत असं सांगून बाहेर पळालो. आमच्याकडे कोंबड्या नाहीत, हे अंगणात गेल्यावर आठवलं.

मग मी कंबर कसली. तुला थोडक्यात सांगतो, कारण मला आता हे सगळं कळतं. संगणकाला कुठलंही पान हवं असलं की तो आधी त्याचा पत्ता विचारतो, आणि जिथे विचारतो त्या ठिकाणाला डीएनएस म्हणतात. आजवर आमचा संगणक भर रस्त्यात उभा राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असा, ओरडून पत्ते विचारत होता. आता तो बंद पाकिटातून विचारतो! आणि ज्याला विचारतो तो गृहस्थ असा पक्का, की जाहिरातवाल्यांचा पत्ता विचारला तर सरळ सांगतो, या नावाचं कोणी इथे राहत नाही. हे कसं करावं हे शिकवणारं पान मला सापडलं, पण त्याच्यावरच इतके स्केट्स, की सूचना त्यांच्या फटींतून वाचाव्या लागल्या. पहिल्या खेपेला सगळं इतकं स्वच्छ झालं की मी आफकेला ओढत आणलं. “बघ, एक तरी जाहिरात दिसते का?” ती म्हणाली, “वर्तमानपत्रही दिसत नाही.” (त्या गृहस्थाचा पत्ता भरताना एक टिंब राहिलं होतं. एका टिंबासाठी अख्खं जग बंद!) टिंब दिलं, आणि ताई, काय सांगू! बातमी, आणि तिच्या भोवती नुसती पांढरी, शांत जागा. मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो, आणि एका कॉफीला एकच बिस्कीट म्हणून आफकेने बंद केलेला डबा उघडून दुसरं बिस्कीट खाल्लं. आता आमच्या घरातली गोष्ट बाहेर जाणं शक्य नाही. अर्ध्या किमतीचं चीज कुठे मिळतं ते दिसेनासं झालं म्हणून आफके थोडी कुरकुरते, पण मोठ्या कामात असं व्हायचंच.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा वीबे

ता. क. खरं काम राहिलंच. आफकेने तिची चिठ्ठी अजून उघडली नव्हती. काल उघडायला गेली तर उघडेना. तू पाठवलेलं चिठ्ठी उघडायचं बटण वाटेत जाहिरातवाल्यांच्या दारावरून जातं म्हणे, म्हणून माझ्या पक्क्या गृहस्थाने अडवलं. मी छाती काढून सांगितलं, “चोर होता, मी वाचवलं तुला.” मागाहून लक्षात आलं, की चोर म्हणजे तू. बंदोबस्त उठवावा तर स्केट्स परत येतील. तेव्हा काहीतरी निमित्त काढून तिला तुझ्याकडे बोलाव आणि चिठ्ठी तुझ्या संगणकावर उघडायला लाव. जरा लवकर कर, कारण मला दाट संशय आहे की तिच्या वाट्याला मीच आलोय.

आणखी एक. आफके टपालपेटीकडेच निघाली आहे, पत्र तिच्याच हाती देतो. बिचारीला काय कल्पना!

वन्सं, मी आफके लिहितेय. वीबेने पाकीट उघडंच दिलं. स्केट्सचं मला कोबीपासूनच ठाऊक आहे, आणि “नको” म्हणायचं मी पक्कं ठरवलं होतं. पण माझ्यापासून लपवायला हा माणूस इतका झटला, टाळ्या वाजवताना इतका खूश होता, की माझ्याच्याने आता नको म्हणवणार नाही. भीती वाटतेच. तरी कालवा गोठला तर उतरेन, त्याचा हात घट्ट धरून. त्याला सांगू नका, पाच तारखेला मला दचकायचं आहे. माझी चिठ्ठी मी आज सकाळी वाचनालयात जाऊन उघडली. वीबेच आलाय. त्याच्यासाठी डिंकाची बाटली घेणार आहे. हे पाकीट तेवढं मी चिकटवते.