ओळीच्या शेवटी दोन रिकाम्या जागा

प्रिय टापटीपबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. तुझ्या भावाच्या हातात देते आहे. फाडून टाकलंस तर दुसरं लिहीन. मला काय, घरी गेल्यावर बोलायला भिंतीच आहेत.

तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही. नव्या मुलीला दाराजवळची जागा दिली आहे. तुझी रंगीत पेनं अजून ओळीने लावलेली आहेत. परवा मी मुद्दाम एक उलटं ठेवलं. दिवसभर कोणी ते सरळ केलं नाही, तेव्हा मला तुझी फार आठवण आली. पहिल्याच आठवड्यात टापटीपबाई हे नाव मी पाडलं होतं तुला, आणि तूही कमी नाहीस, मला आत्या करून ठेवलंस. आता शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचीच आत्या झाले आहे मी.

कामगारांसाठी आपण लिहितो त्या सूचनांच्या फाइलींची तू साफसफाई काढलीस, तेव्हा मी हसले होते. कोणी न सांगता, स्वतःच्या हौसेने. ओळींच्या शेवटी पडलेल्या रिकाम्या जागा तुला केरासारख्या वाटल्या आणि तू त्या एका फटक्यात सगळ्या फाइलींमधून काढून टाकल्यास. आपण फाइली ज्या मार्कडाउन पद्धतीने लिहितो, तीत नुसतं एंटर मारून ओळ तुटत नाही, शेवटी दोन स्पेस द्याव्या लागतात, हे तुला कोणी शिकवलंच नव्हतं. आपण सगळे पायऱ्यांना आकडे घालतो, त्यामुळे बाकीच्या पानांना धक्का लागला नाही. टाकीसफाईचं पान मात्र तुझ्या आधीच्या माणसाने त्या दोन स्पेसच्या भरवशावर लिहिलेलं. रिकाम्या जागा डोळ्यांना थोड्याच दिसतात, साहेबांनी ऑफिसात तपासायला फाइल उघडली तर जुनं नि नवं सारखंच दिसलं. हं म्हणाले आणि पुढे सरकवलं. वर चारचौघांत तुझी पाठ थोपटली.

टाक्या धुणाऱ्या माणसांच्या गळ्यात ते छोटं यंत्र असतं, तू पाहिलं आहेस. आपली फाइल तिथे एकेक ओळ करून दिसते. वाचायची, काम करायचं, ‘झालं’ दाबायचं, की पुढची ओळ. झाकण उघडा. पंखा लावा. शिडी सोडा. आणि शेवटी, विषारी वायू मोजणाऱ्या मीटरचा दिवा हिरवा होईपर्यंत आत उतरू नका. चारी ओळी चिकटून एक झाली, आणि त्या टीचभर पडद्यावर शिडीच्या पुढचं मावलंच नाही. त्या दिवशी कामावर असलेल्या माणसाने झाकण उघडलं, पंखा लावला, शिडी सोडली, ‘झालं’ दाबलं आणि उतरला. त्याला वर काढलं तेव्हा जीव उरला नव्हता.

तू जिन्यात माझ्या खांद्यावर डोकं टेकवून हे सगळं सांगितलंस, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाहीस. नंतर कळलं की साहेबांनी तुला बोलावून प्रेमाने समजावलं होतं. पोरी, तुझं नाव कुठे येणार नाही, तू फक्त गप्प बस. पान त्यांनी त्याच दुपारी दुरुस्त केलं. जुन्या फाइली आता फक्त त्यांनाच उघडता येतात. ते तुला वाचवत आहेत असं तुला वाटतं. अगं, ते स्वतःची कातडी वाचवत आहेत.

कंपनीचं म्हणणं असं की, सूचना समोर होती, त्याने ‘झालं’ दाबल्याची नोंद आहे, म्हणजे वाचून न वाचल्यासारखं केलं. प्यायला असेल, असंही कोणीतरी सोडून दिलं. त्याची बायको गेल्या आठवड्यात आली होती. ओरडली नाही, रडली नाही. नवरा थेंबालाही शिवत नव्हता म्हणाली. उतरण्याआधी दोनदा वाचायचा, तिला चिडवायचा की तुझ्या भाजीत मीठ किती तेही या यंत्रात घालायला हवं. आता घरात सासरेच म्हणतात, पोरगा लहानपणापासून धांदरटच होता. पोटच्या पोराला ते आता असं आठवतात. हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा कातरला. मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

मी अपघाताची चौकशी करणाऱ्या बाईंकडे गेले आणि तू सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हे तुम्ही केलं नाहीत, पाहिलंही नाहीत, ऐकीव गोष्टीवर मी काय करू? ज्या मुलीने केलं तिने येऊन सांगितलं, तर साहेबांना जुनी फाइल उघडायला लावता येईल. सोमवारी चौकशी संपते.

म्हणून लिहिते आहे. तुला काही होणार नाही, असं खोटं सांगणार नाही. नोकरी जाईल, कदाचित पुन्हा या कामात कोणी घेणार नाही, आणि त्याची बायको तुझ्याकडे कशी बघेल ते मला माहीत नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून राहीन, तू सांगून बाहेर येईपर्यंत. एवढंच माझ्या हातात आहे. तू गप्प राहिलीस तर तू सुटशील आणि तो दोषी ठरेल. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं सगळं त्याने केलं होतं, बाळा. हे त्याच्या बापाला फक्त तूच सांगू शकतेस.

तुझीच,
आत्या