एका माणसापुरतं मशीन

तीर्थस्वरूप ताई,

नमस्कार. साष्टांग समज, प्रत्यक्षात कंबर धरली आहे, त्यामुळे खुर्चीतूनच. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींनी गोड सोडलं का, की अजून तुझी पाठ वळली की डबा उघडतात? सुट्टीत सगळी भावंडं तुझ्याकडे जमली होती, असं फोटोंवरून कळलं. फोटो छान आले आहेत. त्यात मी नाही, म्हणून आणखी छान आले असतील. (हे टोमण्यासारखं वाटेल. टोमणाच आहे. मी हे पत्र भांडायला लिहिते आहे. फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही, कारण तू रडायला लागतेस आणि मग मीच तुझी समजूत काढत बसते.)

तर भांडणाचं कारण. मध्यंतरी तुला आमच्या ऑफिसातून एका गोड आवाजाच्या माणसाचा फोन आला होता. ऑफिस माझा सत्कार करणार आहे, तिला कळू देऊ नका, पण तिच्याबद्दल चार शब्द सांगा, असं तो म्हणाला. तू चार शब्दांवर थांबली नाहीस. तू भरभरून बोललीस. अगं ताई, आमच्या जाहिरातींच्या धंद्यात कोणी कोणाचा सत्कार करत नाही. निरोप समारंभ तेवढे होतात, तेही माणूस निघून गेल्यावर, उरलेल्यांनी केक खावा म्हणून.

त्या माणसाला आम्ही शास्त्रज्ञ म्हणतो. जाहिरातीतल्या ओळी मी लिहिते, पण त्या कोणासाठी लिहायच्या हे तो ठरवतो. आधी फळ्यावर एक त्रिकोण काढतो, मग त्याच्या टोकावर एखादं माणूस उभं करतो आणि त्या माणसाच्या मनात काय सलतं ते शोधतो. याला इनसाइट म्हणतात. (इनसाइट म्हणजे घरात सगळ्यांना माहीत असलेली, पण कोणी न बोललेली गोष्ट. आम्ही ती मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवतो आणि बिल लावतो.) या वेळी गिऱ्हाईक होतं कपडे धुण्याची मशीन बनवणारी कंपनी. त्यांनी एकट्या राहणाऱ्या माणसासाठी छोटं मशीन काढलंय, आणि त्याची जाहिरात कोणी करायची यासाठी बऱ्याच एजन्सींना बोलावलं होतं. आमच्या भाषेत याला पिच म्हणतात. म्हणजे अख्खा स्वयंपाक फुकट करून वाढायचा. त्यांनी प्रत्येक ताटातलं थोडं थोडं चाखायचं, आणि मग एकीलाच सांगायचं, उद्यापासून ये.

गेलो. थंडगार खोली, लांबलचक टेबल, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आम्ही, मधे कोणी हात न लावलेली बिस्किटं. शास्त्रज्ञाने पडद्यावर त्याची बाई आणली. वय चाळिशीच्या पुढे. एकटी राहते. भेट आलेल्या वस्तू कागदासकट जपून ठेवते. चार कपड्यांसाठी मोठं मशीन लावायचा जीव होत नाही, म्हणून कपडे साठवते, आणि अगदीच अडलं तर बादलीत धुते. मला वाटलं, कोण गं ही बिचारी. (खरंच वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मनातलं ओळखून लिहिते मी!) मग पुढचं चित्र आलं: लहानपणी रुसली की ही कपाटात जाऊन बसायची, आणि कोणी शोधायला येईना म्हणून आतून हळूच खोकायची.

ताई, हे जगात फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता मशीनवाल्यांच्या अकाउंट विभागालाही माहीत आहे.

उठून जावंसं वाटलं, पण माझी खुर्ची भिंतीला टेकलेली होती आणि बाहेर पडायचं तर आमच्या मोठ्या साहेबांना उठवावं लागलं असतं. साहेब छताकडे बघत होते. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. शेवटच्या चित्रावर तुझं वाक्य होतं, खाली ‘तिची मोठी बहीण’ असं लिहिलेलं. ‘आम्ही दर सुट्टीला बोलवायचो, ती नाही म्हणायची. आता बोलवत नाही. तिला एकटीलाच बरं वाटतं.’

मला वाटत होतं की या वर्षी तू विसरलीस. विसरणं मी समजू शकले असते गं.

कंपनीच्या मालकांना ती बाई पटेना. म्हणाले, “अशी कोण असते हो? माणसं प्रेमानं बोलवतायत आणि ही नाही म्हणते. वेडी आहे का?” शास्त्रज्ञ गडबडला. साहेबांनी छतावरची नजर माझ्यावर आणली. म्हणाले, “मॅडम सांगतील.” आणि मी सांगितलं. इतक्या वर्षांची सवय. गिऱ्हाईक हातातून निसटतंय असं दिसलं की माझं तोंड आपोआप उघडतं. मी म्हटलं, तिला जायचं असतं. पण पहिल्यांदा बोलवतात ते रीत म्हणून, असं तिला वाटतं. ती नाही म्हणते आणि वाट बघते, कोणी पुन्हा विचारतंय का. पुन्हा विचारलं तर ते खरं.

मालकांनी चष्मा काढून पुसला. “माझी धाकटी अशीच आहे,” म्हणाले. काम आम्हाला मिळालं.

परतताना शास्त्रज्ञ म्हणाला, “मॅडम, काय इनसाइट काढलात! कुठून सुचतं हो तुम्हाला?” मी त्याला तुझा नंबर दिला असता, पण तो त्याच्याकडे आहेच.

तेव्हापासून विचार करते आहे. कल्पकता म्हणजे नसलेलं शोधून काढणं, असं मी नव्या लोकांना शिकवते. खोटं आहे ते. आपल्याच माणसाला सांगायचं राहिलेलं आपण परक्यांना नीटनेटकं करून विकतो, बस. जे तुला कधी सांगितलं नाही, ते मी बिस्किटांच्या बशीवरून मशीनवाल्यांना सांगून आले.

जाहिरातीचं पुढे काय झालं म्हणशील, तर ती बाई आता तिशीची आहे. चाळिशीतली बघून लोक उदास होतात म्हणे. तिला एक कुत्राही दिलाय. माझं एकच वाक्य ठेवलं: ‘पुन्हा एकदा विचारा.’ पण तेही जाहिरातीत नाही. मालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते विक्रीच्या माणसांना देऊन टाकलं. जो नको म्हणेल, त्याला परत फोन करायचा.

आणि तू बोलवायचीस कशी, तेही आठवून बघ. “येतेस का गं? तुला कुठे वेळ असणार म्हणा.” याला आमच्याकडे कोणी पिच म्हणणार नाही. याला माघार म्हणतात. (मीही चटकन “हो ना” म्हणायचे, हे कबूल. तू अर्धं वाक्य टाकायचीस, मी उरलेलं पूर्ण करायचे. जोडी चांगली होती आपली.)

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. डब्याला कुलूप लाव.

तुझी रागावलेली,
धाकटी

ता. क. मशीनवाल्यांच्या विक्रीच्या माणसाचा मलाही फोन आला. नको म्हटलं. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा केला तेव्हा त्याने आधी माझ्या कंबरेची चौकशी केली. (दुसऱ्या फोनवर मीच बोलून गेले होते.) मशीन मागवलं आहे. आता घरात दोन झाली.

आणखी एक. पुढच्या सुट्टीला बोलवशील का? मी नाहीच म्हणेन, तोंडाला सवय आहे. तेवढ्यावर फोन ठेवू नकोस.