जानवसा खोलीचे कुलूप

प्रति,
मा. निवास अधिकारी,
श्री खंडेराय मराठी धर्मादाय निवास व मंगल कार्यालय,
बळेपेठ, बंगळूर.

दिनांक : १४ सप्टेंबर १९९६

विषय : खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर राहण्याकरिता तळमजल्यावरील जानवसा खोली सहा आठवडे मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ८ जुलैचा अर्ज व त्यावरील आपला नकार.
२) अर्जदाराचा दि. ५ ऑगस्टचा अर्ज, अनुत्तरित.
३) आपले दि. ९ सप्टेंबरचे पत्र, 'वधूचे नाव कळविणेबाबत'.

सोबत : शल्यचिकित्सकांच्या पत्राची प्रत, जानवसा खोलीचा नकाशा (खिडकीतून पाहून, अंदाजे मापाचा).

महोदय,

१. संस्थेच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे अर्ज मराठीत लिहावा आणि लिहिणाऱ्याने स्वतःचा उल्लेख 'अर्जदार' असा करावा. अर्जदाराला हा नियम सोयीचा वाटतो. पुढील मजकूर 'मी' म्हणून लिहिण्याचे धैर्य त्याला झाले नसते. अर्जदार त्रिविक्रम विठोजी वाबळे, वय अठ्ठावीस, आपल्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अकरा क्रमांकाच्या खोलीत आई रत्नाबाई यांच्यासह राहतो, व जे. पी. नगरातील एका स्थापत्य कार्यालयात नकाशे ट्रेस करतो. त्याच्या उजव्या मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला गेली तीन वर्षे रक्त पोहोचत नाही. ते आतून वाळत गेले व आता खचले आहे. क्ष-किरणाच्या चित्रात ते कंपासने काढलेल्या वर्तुळावरून कोणी ओला हात फिरवावा तसे दिसते. अर्जदाराने आयुष्यभर वर्तुळेच काढली असल्याने ते चित्र त्याला दुसऱ्यांदा पाहवले नाही.

२. शुक्रवार दि. २७ सप्टेंबर रोजी तो खुबा बदलावयाचा आहे. त्यासाठी शरीराची तयारी अर्जदाराने कसूर न करता केली आहे. तोंडातला जंतू नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो असे कळल्यावर त्याने किडकी दाढ काढून घेतली. वजन सहा किलोने उतरवले. रक्त देण्यासाठी कार्यालयातील दोघे तयार झाले आहेत. मांडीचा स्नायू आवळून दहा आकडे मोजायचे व सोडायचा, हा व्यायाम तो दिवसातून तीनदा करतो; ट्रेसिंगच्या टेबलाखाली केल्यास कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवून उताणे झोपण्याची सवय त्याने लावून घेतली आहे. शस्त्रक्रियेनंतर कुबड्या हाती येतात तेव्हा वेदनेमुळे माणूस काही शिकू शकत नाही, म्हणून कुबड्यांनी चालणे आधीच शिकावयाचे असते. अर्जदार रोज पहाटे, नळाला पाणी येण्यापूर्वी, दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात चालावयास शिकतो. कुबडीच्या आवाजाने शेजारच्या दहा नंबरच्या सगुणाबाई जाग्या होतात, याची त्याला कल्पना आहे. त्यांनी अद्याप तक्रार केलेली नाही.

३. मनाच्या तयारीचा रकानाही रुग्णालयाच्या छापील कागदावर आहे. त्यात 'समाधानकारक' एवढे लिहिण्यापुरती जागा आहे व तसे लिहिलेही गेले आहे. वस्तुस्थिती अशी की, नवा सांधा बसल्यावर अर्जदाराला उरलेल्या आयुष्यात मांडी घालून बसता येणार नाही, उकिडवे बसता येणार नाही, जमिनीवरील वस्तू वाकून उचलता येणार नाही. ही गोष्ट शल्यचिकित्सकांनी एका वाक्यात सांगितली. अर्जदाराला ती समजावयास तीन आठवडे लागले. तेव्हापासून तो जमिनीचा निरोप घेत आहे. जेवताना ताटासमोर बसून तो फरशीवर हात ठेवतो. लहानपणी तापात तो याच फरशीला गाल लावून पडत असे. वडिलांच्या अंत्यदर्शनाला तो याच फरशीवर बसला होता. येत्या सोमवारी उत्सवाची पंगत बसेल, ती अर्जदाराची शेवटची पंगत होय. शेजारच्या पाटावर बसणाऱ्याने विशेष काही बोलू नये, इतकीच त्याची अपेक्षा आहे.

४. आता मूळ अडचण. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी रुग्णास घरी सोडतात व पुढील सहा आठवडे जिना, जमिनीवरील बैठक आणि उकिडवे बसण्याचा संडास वर्ज्य असतो. अन्यथा नवा सांधा खोबणीतून निसटतो. पूर्वीच्या दोन रुग्णांचा तसा निसटल्याने रुग्णालयाने नियम केला आहे की, परिचारिकेने राहण्याची जागा स्वतः पाहून अनुकूल शेरा दिल्याखेरीज रुग्णास टेबलावर घेऊ नये. अर्जदाराच्या खोलीपर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. संडास व्हरांड्याच्या टोकाला, जुन्या पद्धतीचा आहे. परिचारिका श्यामला यांनी हे ऐकूनच पेन खाली ठेवले. त्या गुरुवार दि. १९ रोजी सकाळी अकरा वाजता पाहणीस येणार आहेत. शेरा प्रतिकूल आल्यास अर्जदाराच्या मापाचा परदेशी सांधा पुढील रुग्णास दिला जाईल आणि अर्जदाराची पाळी आठ महिन्यांनी येईल. तोवर डावा पायही चालेल याची हमी शल्यचिकित्सक देत नाहीत. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी 'चाकाची खुर्ची' हा शब्द इंग्रजीत व हळू आवाजात उच्चारला.

५. संपूर्ण इमारतीत परिचारिकेच्या सर्व अटी पूर्ण करणारी खोली एकच आहे. लग्नात वरपक्ष उतरतो ती तळमजल्यावरील जानवसा खोली. तिचा उंबरा अंगणाच्या पातळीत आहे. वरपक्षाच्या ट्रंका जाव्यात म्हणून तिचे दार रुंद केलेले आहे. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका वरपित्याने रुसून जेवण नाकारल्यामुळे समितीने तेथे कमोड बसवला. इमारतीत दुसरा कमोड नाही. शिवाय हा चातुर्मास आहे. तुळशीचे लग्न लागेपर्यंत कोणा मराठी घरचा वर त्या खोलीत पाऊल ठेवणे शक्य नाही, आणि अर्जदार तुळशीच्या लग्नाआधी खोली रिकामी करून देणार आहे. सहा आठवडे ती खोली तशीही कुलपात, गाद्या गुंडाळून, कोणाची तरी वाट पाहत राहील.

६. यावर दि. ८ जुलैच्या अर्जाला आपण कळविले की, कलम चौदानुसार ती खोली 'वर व वरपक्ष यांजखेरीज कोणासही, कोणत्याही कारणास्तव' देता येत नाही. कलमामागील दुःख अर्जदार जाणतो. मूळ देणगीदारांच्या मुलाच्या लग्नात खोलीत कोणी आजारी पाहुणा झोपलेला असल्याने वराला दोन तास पावसात, व्हरांड्यात उभे राहावे लागले होते, व तो अपमान त्यांनी दानपत्रात लिहून ठेवला. म्हणून अर्जदाराने दुसऱ्या अर्जात कलमाला आव्हान दिले नाही, फक्त पुनर्विचार मागितला. त्याचे उत्तर आले नाही. त्याऐवजी समितीचे ज्येष्ठ सदस्य योगीराज अण्णा अंगणात भेटले व सर्वांसमक्ष म्हणाले, "अरे त्रिविक्रम, कलम वराला खोली देतं, रोग्याला नाही. तू वर हो की. पायाचं काय, पाटावर बसल्यावर कुणाला दिसतोय पाय?" अर्जदार त्यावर हसला. न हसता आले असते तर बरे झाले असते. कारण हे ऐकत उभा असलेला संस्थेचा राखणदार देवाप्पा याने ते बोलणे समितीचा निर्णय समजून शब्दशः घेतले. अर्जदाराचे शल्यचिकित्सकांचे पत्र दाखल करून घेताना त्यावरील तारीख त्याने पाहिली, आणि मंगल कार्यालयाच्या नोंदवहीत लिहिले : वर, त्रिविक्रम वाबळे. कार्याचा दिनांक, २७ सप्टेंबर. वधू, कोरे. अर्जदाराने हादरून विचारले असता तो म्हणाला, "स्वामी, वहीत नाव आलं की किल्ली हातात. पुढचं स्वल्प अ‍ॅडजस्ट करू." या गृहस्थाने पंधरा वर्षांत संस्थेच्या वहीत एकही खोटी नोंद केलेली नाही. ही त्याने मायेपोटी केली. त्याला जाब विचारू नये, ही अर्जदाराची स्वतंत्र विनंती समजावी.

७. नोंद झाल्यापासून जे झाले ते आपणास ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरील मंडळींनी अभिनंदन केले. योगीराज अण्णांनी, थट्टा विसरून, दोन मुलींच्या पत्रिका पाठवल्या. सगुणाबाईंनी नळावर आईला विचारले की सून कोण. आई म्हणाली, "येऊ घातलीय हो अक्का. लोखंडाची आहे, भांडायची नाही." आणि मग आपले दि. ९ चे पत्र आले, ज्यात तीन खुलासे आठ दिवसांत मागितले आहेत. ते असे. (अ) भाद्रपदात मुहूर्त नसता कार्य का योजिले? मुहूर्त शल्यचिकित्सकांनी काढला असून ते पंचांग पाहत नाहीत. (आ) वधूपित्याचे संमतिपत्र. ते जोडता येत नाही. (इ) वधूचे नाव.

या शेवटच्या रकान्यासमोर अर्जदार तीन दिवस बसून होता. कोणतेही एक नाव लिहिले असते तर किल्ली मिळाली असती, असे आपल्या संस्थेच्या लिपिकांनीच सुचवले. अर्जदाराला ते जमले नाही. त्याचे कारण सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी बेळगावहून एक कुटुंब अर्जदारास पाहावयास आले होते. मुलीचे नाव येथे लिहिणे उचित नाही. अर्जदार त्यांच्या येण्यापूर्वीच खुर्चीवर बसून राहिला व दीड तास उठला नाही. मुलाला बोलण्याची हाव नाही, बैठक स्थिर आहे, असे तिचे वडील कौतुकाने म्हणाले. मुलीने दोनदा वर पाहिले. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा ती किंचित हसली, असे अर्जदाराला वाटते. आईच्या मते ती वाऱ्याने केस सावरत होती. मग निरोप द्यावयास अर्जदार उठला, आणि दारापर्यंतची सहा पावले चालला. ती मंडळी जिना उतरून गेली. पुढे पत्र आले नाही. अर्जदाराने त्यांना दोष दिलेला नाही, कारण तीच सहा पावले त्यालाही रोज दिसतात.

सारांश, सांध्यामुळे अर्जदार वर होऊ शकला नाही, आणि वर नसल्यामुळे त्याला सांधा मिळत नाही. या दोहोंपैकी आधी काय व्हावे, याचा निर्णय कलम चौदात नाही. अर्जदाराने ते चार वेळा वाचले.

८. समितीची पुढील सभा उत्सवानंतर, दि. २९ रोजी आहे. तोपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख उलटून गेलेली असेल. हे जाणून अर्जदार आपली मागणी पुढीलप्रमाणे कमी करीत आहे. सहा आठवडे शक्य नसल्यास तीन आठवडे द्यावेत. तेही शक्य नसल्यास खोलीचा केवळ कमोड वापरण्याची परवानगी द्यावी. अर्जदार मंडपाच्या कोपऱ्यात, पडद्याआड, उंच पलंगावर राहील. तेही नियमात बसत नसल्यास, गुरुवार दि. १९ रोजी सकाळी अकरा ते साडेअकरा या वेळेत ती खोली फक्त उघडी ठेवावी. गाद्या पसरू नयेत, पंखा लावू नये. परिचारिका श्यामला येतील, दार मापतील, कमोडची उंची पाहतील, शेरा लिहितील व जातील. नंतर कुलूप लावावे. वहीतील नोंदही त्याच वेळी खोडावी. खोटे नाव लिहिणे अर्जदाराला जमले नाही. त्या खोलीत अर्धा तास खोटे उभे राहणे त्याला जमेल असे वाटते. शस्त्रक्रिया झाल्यानंतर, दोन आठवड्यांनी रुग्णालयाची गाडी अर्जदाराला नेमके कोठे घेऊन जाईल, हा प्रश्न त्याने तूर्त स्वतःकडे ठेवला आहे व तो समितीपुढे येणार नाही.

९. एक गोष्ट राहते. गेल्या सोमवारी, आपले पत्र येण्यापूर्वी, अर्जदार कामावरून परतला तेव्हा आई जिन्यात होती. तिने घरातली उंच खुर्ची कमरेवर घेतली होती व ती पायरी पायरी वर नेत होती. मधल्या वळणावर ती थांबली, खुर्ची टेकवली, श्वास घेतला आणि पुन्हा उचलली. तिचे वय एकसष्ट आहे. काय चालले आहे असे विचारता म्हणाली, "काही नाही रे, बघत होते. तुला खुर्चीतून वर न्यायला चौघं माणसं मिळाली नाहीत तर किती जड जाईल ते." त्याच क्षणी अर्जदाराने तिला सांगितले की, खोली मिळाली. ती जिन्यातच बसली व पदराने तोंड पुसत "सरी, सरी" (बरं, बरं) एवढेच कानडीत म्हणाली.

तेव्हापासून ती रोज थोडे थोडे सामान खाली आणून जिन्याखाली ठेवत आहे. उंच खुर्ची, दोन उशा, तेलाची बाटली, वडिलांची घोंगडी, देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक. गुरुवारी दार उघडताच ती हे सर्व आत नेईल आणि परिचारिकेसमोर अंथरूण घालील. तिला थांबवता येणार नाही. ती वेगाने काम करते. अर्ध्या तासात तिचे घर लागलेले असेल.

साडेअकरा वाजता देवाप्पा कुलूप घेऊन दारात येईल, तेव्हा तिला काय सांगावे, याबाबत कृपया मार्गदर्शन व्हावे.

आपल्याच छपराखाली राहणारा,

त्रिविक्रम विठोजी वाबळे
खोली क्र. ११, दुसरा मजला